वाळू आपली, चुंबक त्यांचे

"चुंबक म्हणजे लोखंडच ना? मग त्यासाठी चीनच्या तोंडाकडे कशाला बघायचं?" २०२५ साली वर्तमानपत्र वाचणाऱ्या पुष्कळांना हा प्रश्न पडला. त्या वर्षी ४ एप्रिलला चीनने सात धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. परवाने हाती पडेनात. जुलैमध्ये पुण्याच्या बजाज ऑटोने इशारा दिला, की चुंबके आली नाहीत तर ऑगस्टमध्ये विजेवरच्या चेतक स्कूटरचे उत्पादन शून्यावर येऊ शकते. स्कूटरचे शेकडो सुटे भाग देशातच मिळतात. गाडी अडली ती मोटरमधल्या मूठभर चुंबकांपाशी.

या प्रश्नाला जोडून लगेच दुसरा येतो. केरळच्या किनाऱ्यावर मोनाझाइट सापडते, हे वाक्य आपण शाळेत भूगोलाच्या पेपरसाठी पाठ केलेले असते. याच मोनाझाइटमध्ये या कुळातले धातू असतात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याच्या अंदाजानुसार भारताचे साठे ६९ लाख टनांचे आहेत आणि आपल्यापुढे फक्त चीन आणि ब्राझील आहेत. पण त्याच खात्याचा दुसरा आकडा पाहा. २०२४ साली जगभर या धातूंचा सुमारे ३,९०,००० टन माल निघाला. त्यात भारताचा वाटा सुमारे २,९०० टन. शंभर टनांत एक टनही नाही.

साठा एवढा आणि माल एवढासा, असे का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे. तिथे पोचायला आधी या धातूंची ओळख करून घेऊ.

१. सतरा धातू आणि त्यांचे लपलेले इलेक्ट्रॉन

'रेअर अर्थ' किंवा दुर्मिळ मृदा धातू हे एकूण सतरा. मूलद्रव्यांच्या तक्त्याखाली वेगळी छापलेली जी ओळ असते, तिच्यातले लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतचे पंधरा. शिवाय त्यांच्यासारखेच वागणारे स्कँडियम आणि इट्रियम. ते फार दुर्मिळ मात्र नाहीत. सिरियम हा त्यांतला एक धातू पृथ्वीच्या कवचात जवळजवळ तांब्याइतका आहे. थुलियम फारच थोडे म्हणतात, तरी तेही चांदीपेक्षा कितीतरी जास्त आहे. अडचण एवढीच, की ते एका जागी साठत नाहीत. खडकांत पसरलेले असतात आणि नेहमी एकमेकांत मिसळलेले असतात.

असे का होते, हे कळायला अणूच्या आत डोकावावे लागते. एखादे मूलद्रव्य कोणाशी संयोग करणार, कशात विरघळणार, हे मुख्यतः त्याच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते. साधारणपणे तक्त्यात एक घर पुढे गेले की एक इलेक्ट्रॉन वाढतो आणि मूलद्रव्याचा स्वभाव पार बदलतो. सोडियमच्या शेजारी मॅग्नेशियम, त्याच्या शेजारी अ‍ॅल्युमिनियम. तिघांचे वागणे तीन तऱ्हांचे. पण या पंधरा धातूंत वाढीव इलेक्ट्रॉन बाहेर न जाता आतल्या एका थरात जाऊन बसतो. बाहेरची मांडणी जवळपास तशीच राहते. त्यामुळे रसायनाच्या दृष्टीने पंधराही धातू जवळपास सारखेच. निसर्गाने खडक घडवताना जिथे एकाला जागा दिली, तिथे बाकीचेही शिरले.

आतल्या थरातले हे इलेक्ट्रॉन प्रत्येक धातूत वेगळ्या संख्येने असतात. या धातूंची चुंबकशक्ती त्यांच्यातून येते आणि प्रकाशाचा विशिष्ट रंग शोषण्याचे किंवा फेकण्याचे कसबही त्यांच्यातूनच येते. म्हणजे ज्या लपलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे हे धातू कामाचे ठरतात, ते लपलेले असल्यामुळेच धातू एकमेकांपासून वेगळे करणे महाकठीण होते. या प्रकरणातली पुढची सगळी कथा या एका पेचातून निघते.

२. लोखंडाच्या चुंबकात निओडिमियम कशाला?

लोखंडाचा प्रत्येक अणू स्वतः एक छोटे चुंबक असतो. सगळ्या अणूंची तोंडे एका दिशेला झाली की तुकडा चुंबक बनतो. लोखंडात जोर भरपूर आहे, पण दिशा टिकत नाही. तुकडा तापवला, आपटला किंवा समोर उलट्या दिशेचे चुंबक धरले, की अणूंची तोंडे इकडेतिकडे वळतात आणि चुंबकत्व जाते. मोटरमध्ये तर चुंबकाला सतत उलटसुलट ओढ बसते आणि उष्णताही असते. साधे लोखंड तिथे टिकायचे नाही.

निओडिमियमच्या आतल्या थरातल्या इलेक्ट्रॉनांचा ढग गोल नसतो, चपटा असतो. स्फटिकाच्या ठरलेल्या चौकटीत तो एकाच दिशेने नीट बसतो. वळवायचा म्हटले तर खूप ऊर्जा लागते. या अणूंशी लोखंडाचे अणू जोडले गेले की त्यांचीही तोंडे त्या दिशेला खिळतात. जोर लोखंडाचा, दिशा निओडिमियमची आणि ही चौकट घडवणारे चिमूटभर बोरॉन. असे चुंबक जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे तयार केले. १९८३ साली ते जगासमोर आले. आज त्याहून जोरदार कायमचुंबक बाजारात नाही.

त्याची घडण मोजून पाहू. त्याच्या मुख्य स्फटिकात निओडिमियमचे दोन, लोखंडाचे चौदा आणि बोरॉनचा एक अणू असतो. अणूंच्या वजनांनी हिशेब केला, तर एक किलोत साधारण २७० ग्रॅम निओडिमियम, ७२० ग्रॅम लोखंड आणि १० ग्रॅम बोरॉन येते. कारखान्यात निओडिमियम थोडे जास्त घालतात आणि त्याचा काही भाग त्याच्या शेजारच्या प्रॅसिओडिमियमने भरून काढतात. दोन्ही मिळून ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चुंबक लोखंडाचेच, हे वाचकाचे म्हणणे सत्तर टक्के बरोबर आहे.

उरलेली गोष्ट उष्णतेची. मोटर तापली की निओडिमियमची पकड ढिली पडते. त्यावर उपाय म्हणून चुंबकात थोडे डिस्प्रोशियम किंवा टर्बियम घालतात. एप्रिल २०२५च्या यादीत निओडिमियमचे नाव नव्हतेच. डिस्प्रोशियम, टर्बियम आणि ते ज्यांत आहेत अशी चुंबके यादीत होती. गाड्यांच्या मोटरी अडवायला तेवढे पुरले.

विजेच्या गाडीच्या मोटरीत अशी एक-दोन किलो चुंबके असतात. फिरत्या भागात आयते चुंबक बसवले, की तिथे चुंबकत्व निर्माण करायला वीज खर्चावी लागत नाही. मोटर लहान, हलकी होते आणि तेवढ्याच बॅटरीवर गाडी जास्त धावते. मोबाइलचा स्पीकर, कानातले इअरफोन, संगणकाची हार्ड डिस्क, समुद्रातल्या पवनचक्क्या, क्षेपणास्त्रांचे पंख हलवणाऱ्या मोटरी या सगळ्यांत असेच चुंबक असते.

३. दिवा, पडदा आणि तार

चुंबकाखेरीजचे उपयोग भराभर पाहून घेऊ. घरातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यातली चकती मुळात निळा प्रकाश देते. तिच्यावर सिरियम मिसळलेल्या इट्रियमच्या संयुगाचा पिवळा थर असतो. निळा आणि पिवळा मिळून आपल्याला पांढरा दिसतो. जुन्या रंगीत टीव्हीतला ठसठशीत लाल रंग युरोपियमचा. १९६०च्या दशकात तो आल्यावर पडद्यावरचा फिका लाल रंग उजळला. इंटरनेटचा प्रकाश काचेच्या तारेतून समुद्राखालून हजारो किलोमीटर जातो तेव्हा वाटेत मंदावतो. ठरावीक अंतरावर एर्बियम मिसळलेली काच त्याला पुन्हा जोर देते. एमआरआय तपासणीत काही वेळा जे इंजेक्शन देतात, त्यात गॅडोलिनियम असते. कॅमेऱ्याच्या भिंगात लँथॅनम, मोबाइलच्या काचेला झिलई देणाऱ्या भुकटीत सिरियम.

यांतल्या बहुतेक कामांना धातू अगदी थोडा लागतो, पण तो शुद्ध लागतो. लाल रंगासाठी युरोपियम हवे तर युरोपियमच हवे; त्यात शेजारचा धातू मिसळलेला चालत नाही. इथून खरी अडचण सुरू होते.

४. एक टक्क्याचा फरक

धान्यातला भुसा सुपाने पाखडता येतो, खडे निवडता येतात, चाळणीने कणी वेगळी होते. पण आंबेमोहोर आणि इंद्रायणी एकत्र झाले, तर? रंग तोच, वजन तेच, आकारात किंचित फरक. मोनाझाइट फोडून त्यातले धातू आम्लात विरघळवले की रसायनतज्ज्ञासमोर अशी रास येते.

त्याच्या हाती एकच धागा असतो. आतल्या थरात इलेक्ट्रॉन वाढत जातात तसा अणू किंचित आवळत जातो. द्रावणातल्या लँथॅनमच्या कणाची त्रिज्या सुमारे १०३ पिकोमीटर असते आणि पंधराव्या ल्युटेशियमची ८६. पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग. चौदा पावलांत १७ पिकोमीटरचा फरक. म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यात जेमतेम एक टक्का.

हा फरक किती चकवतो, याची साक्ष इतिहासात आहे. स्वीडनच्या कार्ल मोसांडर यांनी १८४१ साली डिडिमियम नावाचे 'मूलद्रव्य' शोधले. चव्वेचाळीस वर्षे ते पाठ्यपुस्तकांत एक मूलद्रव्य म्हणून नांदले. १८८५ साली ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख यांनी दाखवले, की ती दोन आहेत: प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम. चुंबकात आज जी जोडी जाते, तीच ही. पुढे अमेरिकेत चार्ल्स जेम्स यांनी १९११च्या सुमारास शुद्ध थुलियम मिळवायला एकाच क्षाराचे सुमारे १५,००० वेळा स्फटिक पाडले.

आजच्या कारखान्यात ही चिकाटी यंत्रांकडे आहे. धातूंचे आम्लातले द्रावण आणि रॉकेलसारखे एक तेल टाकीत एकत्र घुसळतात. तेलात असे रसायन असते, की जे धातूचे कण ओढून घेते; आकाराने लहान कणांना किंचित जास्त. घुसळणे थांबवले की तेल वर तरंगते, ते पुढच्या टाकीत जाते आणि पुन्हा घुसळणे.

एक सोपे गणित करू. समजा, टाकीत प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम निम्मे-निम्मे आहेत आणि प्रत्येक घुसळणीत तेल निओडिमियमला दीडपट पसंती देते. पहिल्या फेरीनंतर तेलात निओडिमियम ६० टक्के, दुसऱ्या फेरीनंतर ६९, पाचव्या फेरीनंतर ८८, दहाव्या फेरीनंतर ९८ आणि सतराव्या फेरीला ९९.९ टक्के. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात दर फेरीत पुष्कळसे निओडिमियम मागे राहते, ते परत फिरवावे लागते. शिवाय टाकीत दोन नाही तर दहा-बारा धातू असतात. म्हणून एकेका कारखान्यात शेकडो टाक्यांच्या रांगा लागतात. आम्लाची तीव्रता, तेलाचा वेग, कुठल्या टाकीतून किती काढायचे, यातले काहीही चुकले की पुढची सगळी रांग बिघडते.

हे सारे आधीच गणिताने ठरवता यावे, अशी मांडणी पेकिंग विद्यापीठातले शू ग्वांगश्येन यांनी १९७०च्या दशकात केली. त्यांच्याकडे आलेले कामही प्रॅसिओडिमियम आणि निओडिमियम वेगळे करण्याचेच होते. त्यांची पद्धत चीनमधल्या कारखान्यांनी उचलली. २००८ साली चीनने त्यांना विज्ञानातला आपला सर्वोच्च पुरस्कार दिला.

५. चीनने काय केले, इतरांनी काय सोडले

१९६०च्या दशकापासून दोन-तीन दशके या धातूंचा जगातला मुख्य पुरवठा कॅलिफोर्नियातल्या माउंटन पास खाणीतून होत असे. चीनच्या इनर मंगोलियातली बायान ओबो ही खाण मुळात लोखंडाची. तिथल्या खनिजात दुर्मिळ मृदा धातू लोखंडाच्या जोडीने येत. खाणकामाचा खर्च लोखंड सोसत असल्याने हा माल स्वस्त पडे. दक्षिणेकडे ज्यांगशी प्रांतात आणखी एक वेगळी गोष्ट मिळाली: अशी माती, की जिच्यात डिस्प्रोशियम आणि टर्बियम आहे आणि ते साध्या क्षाराच्या पाण्याने सुटते. या कामाने डोंगर आणि नद्या नासल्या, पण माल निघाला.

स्वस्त मालापुढे माउंटन पास टिकली नाही. सांडपाण्याच्या गळतीचे प्रकरणही तिला भोवले आणि २००२ साली ती बंद पडली. त्याच सुमारास चुंबकाची विद्याही हलली. जनरल मोटर्सने मॅग्नेक्वेंच ही आपली चुंबक कंपनी १९९५ साली विकली. घेणाऱ्यांत चिनी कंपन्या होत्या आणि काही वर्षांत अमेरिकेतली यंत्रे चीनमध्ये पोचली. आज खाणीतून निघणाऱ्या मालात चीनचा वाटा सुमारे दोन-तृतीयांश आहे. धातू वेगळे करण्यात आणि चुंबके बनवण्यात तो ९० टक्क्यांच्या घरात जातो. खाणीपेक्षा पुढच्या पायऱ्यांवर पकड घट्ट आहे, हे लक्षात ठेवावे.

या पकडीचा पहिला चटका जपानला बसला. सप्टेंबर २०१०मध्ये सेन्काकू बेटांजवळ चिनी आणि जपानी बोटींची टक्कर झाली, वाद पेटला आणि जपानला जाणारा माल जवळपास दोन महिने अडला. जपानने त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत २५ कोटी डॉलर घातले, साठे केले, चुंबकातले डिस्प्रोशियम कमी करण्याच्या युक्त्या शोधल्या. तरीही दशकभराच्या खटपटीनंतर चीनवरचे त्याचे अवलंबित्व सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंतच उतरले.

६. आपल्या वाळूची गोष्ट

भारतातले मोनाझाइट सापडले ते काथ्यामुळे. त्रावणकोरहून युरोपात जाणाऱ्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत शोंबर्ग नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाला १९०९च्या सुमारास हे खनिज दिसले. त्या वेळी त्याला मोल होते ते त्यातल्या थोरियममुळे. वरातीत डोक्यावरून नेत असत त्या गॅसबत्तीची जाळी थोरियमच्या ऑक्साइडची असे, त्यात एक टक्का सिरियम. ही जाळी आउअर फॉन वेल्सबाख यांचीच करामत. थोरियम काढून घेतल्यावर उरणारे दुर्मिळ मृदा धातू पडून राहत; त्यातून त्यांनी पुढे लायटरमधला ठिणगीचा खडा बनवला.

स्वातंत्र्यानंतर थोरियमचे महत्त्व वेगळ्या कारणाने वाढले. ते अणुभट्टीचे भावी इंधन मानले गेले. १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली; आजही तिचे मुख्यालय मुंबईत प्रभादेवीला आहे. केरळात आलुवा इथे मोनाझाइट फोडण्याचा कारखाना उभा राहिला. देश हे काम शिकला, पण नजर थोरियमवर होती. थोरियम किरणोत्सारी असल्याने मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखाली आले आणि खासगी कंपन्यांना त्यात हात घालता येईना. किनाऱ्यावर वस्तीही दाट. केरळातल्या आलप्पाडसारख्या गावांत वाळूउपशाविरुद्ध लोकांनी आंदोलने केली आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, ती मुख्यतः इल्मेनाइट या टायटॅनियमच्या खनिजाची. मोनाझाइट तिथे नाममात्र.

आता मोनाझाइटच्या आत काय असते ते पाहू. त्यातून निघालेल्या दुर्मिळ मृदा ऑक्साइडांच्या १०० किलोंत साधारण ४६ किलो सिरियम, २२ किलो लँथॅनम, २० किलो निओडिमियम आणि साडेपाच किलो प्रॅसिओडिमियम असते. डिस्प्रोशियम जेमतेम दोनशे ग्रॅम. म्हणजे चुंबकाच्या कामाचा माल सुमारे चौथा हिस्सा. तो हवा असेल तर तिप्पट नको असलेला मालही वेगळा करावा लागतो आणि त्याला गिऱ्हाईक शोधावे लागते. सिरियमला भाव नाही, कारण जगात सगळीकडे ते असेच उरते.

आणि ऑक्साइड म्हणजे नुसती भुकटी. तिचा धातू, धातूचे मिश्रण, मिश्रणाची पूड, ती दाबून-भाजून चुंबक, या पायऱ्या नंतरच्या. आपण वर्षानुवर्षे ऑक्साइडपाशी थांबलो. २०२३ साली विशाखापट्टणमला चुंबकांचा कारखाना सुरू झाला, तो सॅमॅरियम-कोबाल्ट या संरक्षण आणि अवकाशाच्या कामाच्या जातीचा. नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्र सरकारने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली; उद्दिष्ट आहे वर्षाला ६,००० टन चुंबके.

७. सहा हजार टनांचा हिशेब

या उद्दिष्टाला आपली वाळू पुरेल का? आतापर्यंतचे आकडे हाताशी आहेत, करूनच पाहू.

एक टन चुंबकाला सुमारे ३०० किलो निओडिमियम-प्रॅसिओडिमियम लागते. सहा हजार टनांना लागेल सुमारे १,८०० टन. आपले सध्याचे वर्षाचे उत्पादन २,९०० टन ऑक्साइड. त्यात ही जोडी साडेपंचवीस टक्के, म्हणजे सुमारे ७४० टन. ऑक्साइडमधला ऑक्सिजन गेला की सातवा हिस्सा वजन घटते. उरते सुमारे ६३० टन धातू. त्याची चुंबके होतील २,१०० टनांच्या आसपास. सगळाच्या सगळा माल देशात वापरला आणि वाटेत काहीही वाया गेले नाही, तरी उद्दिष्टाचा एक-तृतीयांश. डिस्प्रोशियमचे तर वर्षाला सहा टन ऑक्साइडही धड भरणार नाही. ते बाहेरून आणावे लागेल, नाहीतर चुंबकात ते कमी लागेल अशी मोटर घडवावी लागेल.

हिशेब निराश करणारा वाटेल, पण तो नेमके काम दाखवतो. जमिनीतल्या ६९ लाख टनांपुढे ही गरज किरकोळ आहे. मोनाझाइट फोडण्याची क्षमता तिप्पट करायची आहे. टाक्यांच्या रांगा चालवणारे रसायनतज्ज्ञ घडवायचे आहेत. उरलेल्या थोरियमची नीट साठवण आणि सिरियमची विक्री यांची सोय लावायची आहे. भुकटीपासून चुंबकापर्यंतच्या पायऱ्या शिकायच्या आहेत. अमुक जिल्ह्यात दुर्मिळ खनिजांचा प्रचंड साठा सापडला, अशा बातम्या यापुढेही येत राहतील. त्या वाचताना चार गोष्टी शोधाव्यात: त्यात कोणते धातू आहेत, सोबत थोरियम किती आहे, ते धातू वेगळे कोण करणार आणि त्यांचे चुंबक कुठे बनणार. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे भूगर्भशास्त्रज्ञ देतील. स्कूटर वेळेवर बाहेर पडेल की नाही, हे शेवटच्या दोन प्रश्नांवर ठरते.